माझी आज्जी ‘आलो’ म्हणायची: मालिकांत आपलं जगणं कसं उतरतं

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत आमच्या घरी दारातून कुणी हाक मारली की आज्जी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आलो आलो, थांब जरा." आई आजही म्हणते, "मी जरा मंडईत जाऊन येतो." शेजारच्या काकू, माझ्या दोन्ही आत्या, भांडी घासायला येणाऱ्या मावशी, सगळ्याजणी ‘मी जातो, मी खातो, मी बघतो’ असंच बोलतात. कोल्हापूर-सांगलीकडं बायकांच्या तोंडी क्रियापदाचं हे रूप पिढ्यानपिढ्या आहे आणि इथं कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते बाहेर गेल्यावर. मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा खोलीतल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू मुलगा आहेस का गं?" तेव्हापासून मी दोन प्रकारे बोलते. घरी ‘आलो’, बाहेर ‘आले’. हा लेखसुद्धा बाहेरच्या रूपातच लिहिते आहे.

आता टीव्हीकडं बघा. गेल्या दहा वर्षांत कोल्हापुरात किंवा आसपासच्या गावात घडणाऱ्या मालिका आल्या. त्यांत ‘व्हय’ आहे, ‘न्हाई’ आहे, ‘लई भारी’ आहे. तालीम आहे, उसाचे फड आहेत, तांबडा-पांढरा रस्सा आहे. पण त्यातली नायिका किंवा तिची सासू ‘मी आलो’ म्हणताना मी तरी ऐकलेली नाही. एवढं सगळं कोल्हापूर घेतलं, मग हेच कसं राहून गेलं? या लहानशा प्रश्नामागं जात राहिलं की मालिका आपल्या रोजच्या जगण्यातलं काय उचलतात, काय सोडतात आणि कशामुळं, हे बरंचसं कळायला लागतं.

‘दूरदर्शन हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेतल्या निबंधात लिहिलेलं आहे. पण आरशासमोर जे असेल ते सगळं दिसतं, आरसा काही निवडत बसत नाही. मालिका निवडते. मला तिच्यासाठी गुऱ्हाळ जवळचं वाटतं. उसाचा रस काहिलीत पडतो, चुलवाणावर उकळतो. त्यात भेंडीच्या झाडाचा चीक घालतात, मग मळी वर येते आणि ती काढून टाकतात. रस आटत आला की गुळव्या नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगतो आणि शेवटी साच्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पडतात. गूळ त्याच उसाचा असतो, गोडीही उसाचीच. तरी गूळ म्हणजे ऊस नव्हे. मालिकेत मळी म्हणून काय काढलं जातं आणि साचा कुणी बनवलेला असतो, ते बघण्यासारखं आहे.

खेड्यातली घरं मोजणीत आली

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं मराठी मालिकांची भाषा पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरातली होती. चिमणराव-गुंड्याभाऊंचं घर असो, नाहीतर 1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाल्यावर आलेली ‘आभाळमाया’ असो, माणसं प्रमाण मराठी बोलायची. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ होतं, पण ती माहिती होती, गोष्ट नव्हे. गोष्टीत गावाकडची बोली यायची ती बहुतेक वेळा गड्याच्या किंवा मोलकरणीच्या तोंडी, बघणाऱ्याला हसू यावं म्हणून. आमच्या घरी हे सगळे कार्यक्रम आवडीनं बघितले जायचे. पण टीव्हीत बोलणारी माणसं आणि आम्ही यांच्यात एक उंबरा होता, आणि तो कधी ओलांडला जाईल असं कुणाला वाटत नव्हतं.

तो ओलांडला गेला. 2016 च्या सुरुवातीला ‘रात्रीस खेळ चाले’ मालवणी घेऊन आली. त्याच वर्षी ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरकडची मराठी बोलत घराघरात गेली. ऑक्टोबर 2016 मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि राणादा नावाचा कोल्हापूरकडचा पैलवान नायक झाला. 2017 मध्ये ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याचा फौजी घेऊन आली. जेमतेम दीड वर्षात चार बोली, आणि चारही मुख्य पात्रांच्या तोंडी. हे एकाएकी कसं घडलं?

याचं उत्तर समजायचं तर टीआरपी कशी मोजतात ते आधी बघावं लागेल. वाहिनीला मुख्य पैसा जाहिरातीतून मिळतो. जाहिरातदार विचारतो, बघतंय कोण आणि किती जण? घरोघर जाऊन हे रोज विचारणं शक्य नसतं, म्हणून काही निवडक घरांत मीटर बसवतात. हे काम 2015 पासून बार्क ही संस्था करते. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. घरातलं मीटर ती खूण ओळखून कोणती वाहिनी चालू आहे ते टिपतं. घरातल्या प्रत्येकाला मीटरच्या रिमोटवर स्वतःचं एक बटण असतं. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, म्हणजे सासू बघतेय की नातू, हेही कळतं. कोणत्या घरात मीटर आहे हे गुप्त ठेवतात.

2020 च्या सुमारास देशभरात अशी साधारण 44 हजार घरं होती, आणि टीव्ही असलेली एकूण घरं होती वीस कोटींच्या आसपास. म्हणजे मीटर असलेलं एक घर साडेचार हजार घरांच्या वतीनं बोलतं. भाताचं एक शीत चेपून आपण भात शिजला का ते बघतो, तसंच हे. मात्र शीत पातेल्याच्या कोणत्या भागातून काढलं याला महत्त्व आहे.

कारण 2015 पर्यंत ही शितं शहरातूनच काढली जात होती. खेड्यातली घरं मोजणीत नव्हती. करवीर, कागल, राधानगरी तालुक्यातल्या वाडीवस्तीवर लोक रोज संध्याकाळी टीव्ही लावत होते, पण हिशेबापुरते ते नव्हतेच. ऑक्टोबर 2015 मध्ये बार्कनं पहिल्यांदा ग्रामीण भागाचे आकडे जाहीर केले. त्यानंतर चार महिन्यांत पडद्यावर मालवणी आली, आणि वर्षभरानं कोल्हापुरी.

सगळं श्रेय मीटरला देणं बरोबर होणार नाही. बोलीत लिहिणारे लेखक आणि त्या मातीतले नट आधीपासून होतेच, गावोगावच्या नाटकांत, एकांकिका स्पर्धांत घासून तयार झालेले होते. पण त्यांना रात्री साडेसातची वेळ द्यायला वाहिनी एरवी धजावली असती का? मला तसं वाटत नाही. ज्याची मोजणी होते त्याची गोष्ट सांगायला पैसा उभा राहतो, आणि टीव्हीच्या बाबतीत हे फार उघड आहे.

मालिका आणि विक्री यांचं नातं जन्मापासूनचं आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रोजच्या कौटुंबिक गोष्टी सुरू झाल्या. त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करायच्या, म्हणून तिकडं या प्रकाराला ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडलं. आपल्याकडची पहिली मोठी मालिका ‘हम लोग’ 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर सुरू झाली. तिची प्रायोजक होती मॅगी, जी तेव्हा बाजारात नवी होती. दोन मिनिटांत होणारा तो पदार्थ घराघरात पोचण्यात मालिकेचा मोठा वाटा होता.

आता आज्जीच्या ‘आलो’कडं येऊ. मीटर खेड्यात आलं, पण ते फक्त आमच्या खेड्यात आलं नाही. नाशिक, जळगाव, लातूर, अमरावतीतही आलं. कोल्हापूरची मालिका त्या सगळ्यांनी बघावी लागते, तरच गणित जमतं. मग बोलीतलं काय चालतं? जे कानाला वेगळं लागतं पण अर्थ अडवत नाही ते. ‘व्हय’, ‘लई’, ‘न्हवं’, वाक्याच्या शेवटचा तो हेल. जळगावच्या घरात ते ऐकून गंमत वाटते आणि कळतंही. पण बाईच्या तोंडी ‘मी आलो’ आलं की परगावचा प्रेक्षक क्षणभर अडखळतो. त्याला वाटतं, नटी चुकली. रोजच्या मालिकेला तो एक क्षणही परवडत नाही, तेवढ्यात रिमोट हलतो. म्हणून बोलीतले शब्द ठेवतात आणि व्याकरण काढून घेतात. मळी निघते ती इथं.

नागपंचमी होती, पूर नव्हता

मालिका आपल्या घरातलीच का वाटते? माझ्या मते तिच्या गोष्टीपेक्षा तिचं कॅलेंडर जास्त कामाचं असतं. सिनेमा एकदा बघून होतो. मालिका आठवड्यातले सहा दिवस, ठरलेल्या वेळी, आपल्या जेवणाच्या आधी किंवा जेवताना येते. आपल्याकडं वटपौर्णिमा असते तेव्हा तिथंही वडाला दोरा गुंडाळतात. गौरी आल्या की तिथंही गौरी येतात. संक्रांतीला तिथली सूनही काळी साडी नेसते. वर्षभर आपल्याबरोबर सण करणारी माणसं हळूहळू नात्यातली वाटायला लागतात. माझी आई मालिकेतल्या सुनेविषयी बोलते तेव्हा नवख्या माणसाला ती आमच्या भावकीतली कुणी वाटावी.

यामागं ‘बँक’ नावाचा प्रकार आहे. रोज एक भाग दाखवायचा तर काही दिवसांचे भाग आधीच चित्रित करून हाताशी ठेवावे लागतात. त्या साठ्याला मालिकावाले बँक म्हणतात. कलाकार आजारी पडला, सेटवर काही अडलं, तरी वाहिनीवरचा भाग चुकत नाही. सणाच्या तारखा पंचांगात आधीच ठरलेल्या, त्यामुळं सणाचा भाग त्याच दिवशी येईल असं बसवता येतं.

याच बँकेमुळं मालिकेला एक गोष्ट जमत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं धोक्याची रेषा ओलांडली. प्रयाग चिखलीची माझी आत्या अंगावरच्या कपड्यानिशी आमच्याकडं आली. शहरात नळाला पाणी नाही, महामार्ग बंद, दूध नाही. दिवसभर बातम्या बघून डोळे थकले की संध्याकाळी आई सवयीनं मालिका लावायची. तिथं नागपंचमी चालली होती. झोके, फुगड्या, नव्या साड्या. आत्या बराच वेळ त्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यांच्याकडं पाऊस न्हाई वाटतं."

ते भाग पाऊस चढण्याआधीच तयार होऊन बसलेले होते. पंचांगात असतं ते मालिकेत येतं. पुराचं पंचांग नसतं. संप, अचानक लागलेली निवडणूक, कारखान्यानं थकवलेली उसाची बिलं, रात्रीत पडलेला टोमॅटोचा भाव, हे आपल्या रोजच्या जगण्यातलं केवढं तरी मोठं आहे, पण मालिकेच्या घरात ते फारसं शिरत नाही. शिरलंच तर महिन्याभरानं, विषय थंडावल्यावर.

एकदाच असं झालं की बाहेरच्या जगानं मालिकेचं दार सगळ्यांच्या देखत ढकललं. 2020 मध्ये टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं आणि वाहिन्यांच्या बँका संपल्या. एप्रिल 2021 मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आले तेव्हा बऱ्याच मालिकांनी आपला मुक्काम गोवा आणि सिल्वासाकडं हलवला. कथेतली घरं बदलली, अंगणात माड दिसायला लागले. त्या काळात प्रेक्षकाला पहिल्यांदा नीट कळलं असेल की हे घर म्हणजे कुठंतरी उभा केलेला सेट आहे.

एवढं मोठं घर कुणाचं असतं?

आमच्या गल्लीत बहुतेक घरांत चार-पाच माणसं राहतात. मालिकेतल्या घरात मात्र तीन काका, तीन काकू, आत्या, आज्जी, सगळे एका दिवाणखान्यात. एकत्र कुटुंबाची ओढ आपल्याला आहे हे खरंच. आपण मनात अजून त्या वाड्यात राहतो. पण त्यामागं साधा हिशेबही आहे. एक दिवाणखाना, एक स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि एक जिना उभारला की वर्षानुवर्षं चित्रीकरण तिथंच करता येतं. रोज नव्या जागी जाणं परवडत नाही, वेळही पुरत नाही. मग दहा-बारा माणसं एका छपराखाली राहत असतील तर भांडण, समेट, कट, माया, सगळं त्याच चार भिंतींत घडवता येतं.

मालिकेतली माणसं एकच गोष्ट तीनदा का सांगतात, यावरून फार टीका होते. माझ्या मते ती टीका करणाऱ्यांनी संध्याकाळी साडेसातला एखाद्या स्वयंपाकघरात उभं राहून बघावं. आई मालिका बघत नाही, ऐकते. एक कान कुकरच्या शिट्टीकडं, हात कणकेत, मधेच दारात कुणीतरी. ती वळून बघते तेव्हा चेहरा ओळखू यावा म्हणून तो पडद्यावर मोठा आणि बराच वेळ ठेवतात. न बघताही कळावं म्हणून पात्रं घडलेलं तोंडानं सांगतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून गोष्टीला बावीस-तेवीस मिनिटं मिळतात. दर ताशी 12 मिनिटांपर्यंत जाहिरातींची मुभा नियमातच आहे. जाहिरातीवरून परत आलेल्या माणसाला पुन्हा धागा धरून द्यावा लागतो. म्हणजे मालिकेची ती संथ, पुन्हापुन्हा सांगणारी चाल बाईच्या कामाच्या तालावर बेतलेली आहे. आपलं जगणं मालिकेत कथेच्या रूपानं जितकं येतं तितकंच ते असं आकाराच्या रूपानंही येतं, आणि याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

तालमीत फुटबॉलही असतो

साचा कसा काम करतो, ते आमच्या गावाच्या उदाहरणावरून सांगते. पडद्यावरचं कोल्हापूर म्हणजे लाल माती, पैलवान, कोल्हापुरी साज, वाडा आणि रस्सा. यातलं काहीच खोटं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान इथंच आहे आणि गंगावेस तालमीत आजही पहाटे जोर निघतात.

पण डिसेंबर ते मे या काळात शनिवार-रविवारी कोल्हापुरात या आणि विचारा, पोरं कुठं आहेत? ती शाहू स्टेडियमवर असतात. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, या संघांच्या सामन्यांना गॅलरी भरून वाहते. नावात ‘तालीम’ आणि पायात फुटबॉल, हे आमच्या पेठांचं अस्सल वैशिष्ट्य. विश्वचषक आला की अर्जेंटिना, ब्राझील, पोर्तुगालचे झेंडे आणि खेळाडूंचे दोन-दोन मजली कटआउट चौकाचौकात उभे राहतात. सासू-सुनेच्या मालिकेला यात किती रंग भरता आले असते! नवरा एका पेठेचा, मेहुणा दुसऱ्या पेठेचा, आणि अंतिम सामना. तरी मालिकेतल्या कोल्हापूरच्या पोराला मी कधी फुटबॉल खेळताना बघितलेलं नाही.

तसंच कारखान्यांचं. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या आहेत. तिथं ओतलेले सुटे भाग देशभरातल्या गाड्यांत बसतात. हुपरीत चांदीचे पैंजण घडतात, इचलकरंजीत यंत्रमाग चालतात. आसपासच्या कितीतरी गावांतला तरुण पाळीवर जातो, घामानं भिजून परत येतो. मालिकेतला नायक मात्र शेती करतो, तालीम करतो, नाहीतर त्याच्या घरचा मोठा उद्योग असतो आणि तो नेमका कशाचा हे कधी कळत नाही.

का? परगावच्या प्रेक्षकाच्या मनात कोल्हापूर म्हटलं की जे चित्र आधीच आहे, ते घेतलं की समजावून सांगायचं काम वाचतं. बावीस मिनिटांत फाउंड्री समजावणं अवघड आहे, आखाडा दाखवला की दोन सेकंदांत गाव कळतं. ओळखीची खूण वापरायची आणि वापरून ती आणखी घट्ट करायची, असं हे चक्र चालतं. याचं मला वाईट वाटतं, कारण पडद्याच्या बाबतीत हे गाव अनोळखी नाही. बाबूराव पेंटरांनी इथं ‘सावकारी पाश’ काढून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं जगणं पडद्यावर आणलं ते 1925 च्या सुमारास. ‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 मध्ये इथंच सुरू झाली. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आज पुन्हा सेट उभे आहेत. ‘दख्खनचा राजा जोतिबा’ तिथंच चित्रित झाली. हाताशी एवढं सगळं असताना फाउंड्रीतली एक पाळी दाखवणं अशक्य नाही.

पडद्यावरून परत गल्लीत

आतापर्यंत रस्ता गल्लीतून पडद्याकडं गेला. उलटा रस्ताही तितकाच वाहता आहे.

गुजरीतल्या सराफांना विचारा. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’तल्या जान्हवीच्या गळ्यातलं मंगळसूत्र इतकं चाललं की गिऱ्हाईक ‘जान्हवीचं द्या’ म्हणूनच मागायचं. राणादाचं ‘चालतंय की’ हे मुळात आमच्या गावठाणातलं बोलणं. कोल्हापुरात ते रोज शंभरदा कानावर पडतं आणि कुणाचं लक्षही जात नाही. मालिकेनं ते उचललं, राज्यभर फिरवलं, आणि मग ते टी-शर्टवर, रिक्षाच्या मागं छापून आमच्याकडं परत आलं. परत येताना त्याची किंमत वाढलेली होती. वसगड्यातल्या ज्या वाड्यात चित्रीकरण व्हायचं तो बघायला लांबून माणसं यायची आणि ‘राणादाचं घर कुठलं’ असं विचारायची.

2004 मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’चं उदाहरण तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. आदेश बांदेकर सामान्य माणसाच्या घरी जायचे, घरातल्या बाईला बोलतं करायचे, खेळ घ्यायचे आणि पैठणी द्यायचे. ज्या बाईला आयुष्यात कुणी माइक दिला नव्हता तिचं लग्न कसं ठरलं, तिला काय आवडतं, हे राज्य ऐकायचं. आता हा कार्यक्रम टीव्हीतून उतरून पेठेपेठेत गेलाय. हळदीकुंकू, गणपती, नवरात्र, नगरसेवकाचा वाढदिवस, काहीही असो, ‘खेळ पैठणीचा’ हवाच. आमच्या चौकात मागच्या संक्रांतीला सत्तरीतल्या एका आज्जींनी उखाणा घेतला आणि स्टेजवर नाचल्या. त्यांची सून तोंडाला पदर लावून बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

वस्तू आणि शब्द बदलतात हे ठीक, पण माणसाचं मन बदलतं का? यावर जगभर अभ्यास झालेला आहे. ब्राझीलमध्ये 1960 ला एका बाईला सरासरी सहापेक्षा जास्त मुलं व्हायची, 2000 पर्यंत हा आकडा सव्वादोनच्या आसपास आला. तिथल्या सगळ्यात मोठ्या वाहिनीच्या 1965 ते 1999 मधल्या मालिका संशोधकांनी तपासल्या. पन्नाशीच्या आतल्या प्रमुख स्त्री पात्रांपैकी 72 टक्क्यांना मूलच नव्हतं आणि 21 टक्क्यांना एकच. कुणी ‘मुलं कमी होऊ द्या’ असा उपदेश केलेला नव्हता, लहान कुटुंब नुसतं रोज दिसत होतं. ती वाहिनी ज्या भागात पोचली तिथं जन्मदर कमी झाला, आणि तिथल्या बाळांना मालिकेतल्या पात्रांची नावं मिळत असल्याचंही आढळलं.

आपल्याकडं 2001 ते 2003 या काळात पाच राज्यांत असाच अभ्यास झाला. ज्या गावांत केबल आली तिथल्या बायकांमध्ये नवऱ्याचा मार योग्य मानण्याचं प्रमाण कमी झालं आणि मुलगाच हवा हा हट्ट काहीसा सैलावला, असं त्या अभ्यासकांनी मांडलं. पुढं इतरांनी त्यांच्या पद्धतीवर शंका घेतल्या, त्यामुळं हा शेवटचा शब्द समजू नये. पण ज्या सासू-सुनांच्या मालिकांना आपण मागास म्हणून नावं ठेवतो, त्यांतली बाई निदान घराबाहेर पडते, व्यवहार बघते, उलट बोलते. ज्या गावात बाईनं चौकात उभं राहणंही खटकत होतं तिथं हे रोज बघणं लहान गोष्ट नव्हे.

उलटही घडतं. ‘हम लोग’मध्ये सोसत राहणाऱ्या आईचं, भागवंतीचं पात्र ‘असं होऊ नका’ हे सांगण्यासाठी लिहिलं होतं. काही प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. सुरुवातीच्या तेरा भागांतला कुटुंब नियोजनाचा उघड उपदेशही लोकांना रुचला नाही आणि तो पातळ करावा लागला. पडद्यावरून जे पेरलं जातं तेच उगवेल याची खात्री नसते. अमेरिकेतल्या जॉर्ज गर्बनर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून यावर काम केलं. त्यांच्या सिद्धांताच्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘मशागत’. एखाद्या भागानं माणूस बदलत नाही, पण वर्षानुवर्षं रोज बघितलेलं मनाची जमीन भुसभुशीत करतं. खूप हाणामारी बघणाऱ्याला बाहेरचं जग आहे त्याहून जास्त धोक्याचं वाटायला लागतं, असं त्यांना दिसलं. मालिकेतल्या प्रत्येक घरात एक विष कालवणारी जाऊ दिसत राहिली तर नव्या सुनेच्या मनात आपल्या जावेविषयी काय पेरलं जात असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. आमच्या घरात आईच्या बाळंतपणात रात्र-रात्र जागली ती काकूच होती.

गेल्या चार-पाच वर्षांत या सगळ्यात एक नवा दरवाजा उघडलाय. फोनवरच्या रीलला सेट लागत नाही, बँक लागत नाही. जळगावच्या प्रेक्षकाला कळेल का, हेही रील करणाऱ्याला कुणी विचारत नाही. वसगडे, शिये, कागल, गडहिंग्लजची पोरं-पोरी आपापल्या अंगणात उभं राहून बोलतात. फाउंड्रीतला पोरगा पाळी सुटल्यावर डबा खाताना बोलतो. स्टेडियमवरची गॅलरी तर रोजच दिसते.

चिखलीच्या आत्याच्या नातीनं मागच्या महिन्यात एक रील केलं. पुरात भिजून पुन्हा बांधलेल्या गोठ्यात उभी राहून ती म्हशीची धार काढायला शिकतेय. बाहेरून आत्या हाक मारते. ती मान न वळवता म्हणते, "आलो गं आज्जी, थांब की." आईनं ते मला पाठवलं, आणि मी तिला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य निघालं ते, "आई, मी बघितलो."